हेलपाट्याचा हिशेब

रात्री साडेदहाच्या सुमारास सांगलीच्या स्टँडजवळ पुण्याच्या ट्रॅव्हल्स लागलेल्या असतात. तिथं आठवड्यातून तीनदा एक भडंगवाला दोन-तीन खोकी घेऊन येतो. खोक्यावर मार्करनं गिऱ्हाइकाचा फोन नंबर ठळक लिहिलेला. क्लीनरच्या हातावर पार्सलचे पैसे ठेवायचे, खोकं डिकीत गेलं की नंबरप्लेटचा फोटो काढायचा, ड्रायव्हरचा मोबाइल नंबर घ्यायचा आणि दोन्ही पुण्याला पाठवायचं: ‘गाडी सुटली. पहाटे स्वारगेट. ड्रायव्हरला आधी फोन करून जावा.’ पैसे दुपारीच खात्यावर आलेले असतात. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. गाडी पुणे हायवेवरच्या पेठनाक्याला लागायच्या आत हा घरी अंथरुणावर पडलेला असतो.

या माणसाची वेबसाइट नाही, जाहिरात नाही, फॉलोअर असण्याचा तर प्रश्नच नाही. मी त्याचं जीएसटीचं आणि इन्कम टॅक्सचं काम बघतो, त्यामुळं त्याच्या फोनमध्ये काय आहे आणि काय नाही हे त्याच्या बायकोच्या खालोखाल मलाच ठाऊक असेल. वीसेक वर्षं मी सांगली-मिरजेतल्या अशाच लोकांच्या वह्या चाळतोय. भडंगवाले, बेदाण्याचे शेडवाले, कुपवाडचे लेथवाले, मार्केट यार्डातले लहान अडते. नव्या तंत्रज्ञानाचा फायदा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी या पाच मिनिटांकडं बोट दाखवीन.

या विषयावर भाषणाला उभा राहिलेला माणूस मात्र पहिल्या दमात ‘जागतिक बाजारपेठ’ या शब्दावर येतो. खेड्यातली बाई शेंगदाण्याची चटणी अमेरिकेला विकते, ही गोष्ट ठरलेली. असेलही एखादी. माझ्याकडं येणाऱ्या वह्यांत मला अमेरिका सापडत नाही. सापडतो तो कमी झालेला पेट्रोलचा आकडा, ‘प्रवास व किरकोळ’ खात्याला पूर्वीपेक्षा कमी पडलेला खर्च आणि आठवड्याचे सहाही दिवस दुकान पूर्णवेळ उघडं राहिल्याची खूण. म्हणजे वाचलेला हेलपाटा.

खेप आणि हेलपाटा यांत फरक आहे. माल घेऊन गेलो, पोचवून आलो, ती खेप. तिचे पैसे मिळतात. गेलो, साहेब नव्हते, परत आलो, हा हेलपाटा. एकट्यादुकट्याच्या धंद्यात मालकच कारागीर, मालकच वसुलीवाला आणि मालकच शिपाई. तो बाहेर पडला की शटर खाली येतं. मोठ्या कंपनीत हेलपाटे मारायला पगारी माणूस असतो, इथं हेलपाटा म्हणजे त्या दिवसाचा गल्ला. म्हणून माझं म्हणणं असं, की लहान धंद्यासाठी फोन, नेट, यूपीआय यांचा उपयोग मोजायचा असेल तर एकच माप लावावं: महिन्याला किती हेलपाटे वाचले? हे माप लावलं की चित्र अर्धंच उजळ दिसतं. धंद्याधंद्यातले हेलपाटे खरोखर कमी झाले. पण कचेऱ्यांचे, बँकांचे आणि मोठ्या खरेदीदारांच्या दारातले हेलपाटे होते तिथंच राहिले, आणि काही तर या फोननंच नव्यानं जन्माला घातले.

आधी उजळ बाजू. आमच्या यार्डातल्या जुन्या अडत्यांकडं तारेच्या गोष्टी आहेत. दर कळवायला तार, घाई असेल तर ट्रंक कॉल, फारच घाई असेल तर आठपट पैसे मोजून लाइटनिंग कॉल. विट्या-खानापूरकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले. त्यांच्या घरची माणसं एसटीडी बूथबाहेर रात्री उशिरापर्यंत ताटकळायची, कारण तेव्हा पाव दर लागायचा. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, पण आमच्याकडच्या हातगाडीवाल्याच्या हातात फोन यायला २००३ नंतरचा काळ उजाडावा लागला. तोवर आलेल्या कॉललाही पैसे पडत. त्या दिवसांत आपल्या लोकांनी मिस्ड कॉल नावाची जी भाषा काढली तिला तोड नाही. एकदा वाजून बंद झाला म्हणजे दूध निघालं, दोनदा वाजला म्हणजे गाडी पोचली. फुकटातली तारच ती. खरी तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली तेव्हा यार्डात कुणी मान वर करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

हळदीचं बघा. पूर्वी शेतकरी पोती गाडीत भरून सांगलीला यायचा आणि सौद्याच्या दिवशी भाव कळायचा. भाव पडलेला असला तरी माल परत न्यायचा तर भाडं अंगावर, इथं ठेवायचा तर गोदामाचं भाडं. मग मिळेल त्या दरानं पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, फाडून घ्यायची. आता तो घरातून निघण्याआधी तीन ठिकाणी हळदीच्या प्रकारावार भाव विचारतो. आजची राजापुरी काय निघाली, गट्टा काय, कणी काय. तीन उत्तरं आली की मगच टेंपो ठरतो. भाव माहीत झाल्यानं भाव मिळतोच असं अजिबात नाही, पण ‘आता आलोच आहे तर देऊन टाकू’ ही जी हतबलता होती ती बरीच गेली. अडत्याच्या बाजूनंही तेच. बाहेरगावच्या खरेदीदाराला आधी फोटो जातो, मग नमुना. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आणि नाकाला लावल्याशिवाय जाणता खरेदीदार सौदा पक्का करत नाही, फोटोत तर पिवळं सगळंच सोन्यासारखं दिसतं. पण दहा नमुन्यांतले सात फोटोवरच बाद होतात, आणि उरलेल्या तिनांसाठीच नमुन्याचं पाकीट निघतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे सत्कार झाले, हार पडले. या सात वाचलेल्या पाकिटांचा सत्कार कुणी करत नाही.

आता कुपवाडला चला. तिथल्या एमआयडीसीत माझा एक अशील आहे, दोन सेकंडहँड सीएनसी (संगणकावर चालणारी मशिनं) आणि एक जुना लेथ. कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यासाठी तो गनमेटल या मिश्रधातूचे बुश (मशिनच्या भागांत बसणाऱ्या पोकळ नळ्या) करतो. दहा-बारा वर्षांपूर्वी याचा दिवस कसा जायचा ते मी पाहिलंय. ड्रॉइंग आणायला शिरोलीला जा. पहिला नग काढला की तो रुमालात गुंडाळून पुन्हा शिरोलीला. तिथला क्वालिटीचा माणूस जेवायला गेलेला. तो येणार, व्हर्नियर लावणार, ‘अजून दोन पॉइंट काढ’ म्हणणार. येताजाता शंभर किलोमीटर, आणि तेवढ्या वेळात इकडं मशिन गार. आता पहिला नग निघाला की मायक्रोमीटर लावून, आकडा दिसेल असा फोटो. पाच मिनिटांत तिकडून अंगठा येतो. अंगठा आला की मशिन चालू. याच्या धंद्यात पाच वर्षांत नवी मशिन आली नाही, माणूस वाढला नाही, तरी काम वाढलं. कशामुळं, तर मशिन गार पडायचं थांबलं म्हणून.

आणि याच अंगठ्यानं त्याला दोन वर्षांपूर्वी चांगला चुना लावला. कारखान्यानं ड्रॉइंग बदललं होतं, बुशची लांबी ३८ मिलिमीटरची ४० झाली होती. नवी पीडीएफ फोनवर आली. ती येऊन पडली लग्नाच्या पत्रिका, ‘शुभ सकाळ’ आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक यांच्या मध्ये. जुन्या आणि नव्या फाइलचं नाव एकच. रात्रपाळीच्या पोरानं फोनमध्ये शोधलं, जी पहिली दिसली ती उघडली. सकाळपर्यंत २४० नग तयार, सगळे ३८ चे. लांबी जास्त असती तर घासून कमी केली असती. कमी पडलेले दोन मिलिमीटर कुठून आणणार? माल मोडीत गेला आणि धातूची किंमत बिलातून वजा झाली. मी विचारलं, “अरे, मेसेज तर आला होता ना?” तो म्हणाला, “आला होता की काका. आलेला असतोच. बघायचा कुणी ते ठरलं नव्हतं.”

मला वाटतं, या सगळ्या विषयातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. निरोप पोचला म्हणजे काम झालं असं आपण धरून चालतो. पोचणं फुकट झालं, पण समजणं, पारखणं, लिहून ठेवणं याची मजुरी आहे तेवढीच आहे. मिरजेला रेल्वेचं जंक्शन आहे, आमच्यातल्या अनेकांच्या घरात रेल्वेतलं कुणी ना कुणी असतं. जुना स्टेशन मास्तर तुम्हाला सांगेल, की शेजारच्या स्टेशनाकडून गाडीचा निरोप आला तर नुसतं ‘बरं’ म्हणून चालत नाही, निरोप परत म्हणून दाखवायचा आणि प्रायव्हेट नंबर द्यायचा-घ्यायचा, तो वहीत उतरवायचा. माझ्या कुपवाडच्या अशिलानं स्वतःच्या अकलेनं हेच सुरू केलंय. ड्रॉइंग आलं की तो छापून घेतो, वर लाल पेननं तारीख आणि रेव्हिजन लिहितो, जुना कागद सगळ्यांसमोर फाडतो, आणि तिकडं उलट मेसेज टाकतो: ‘रेव्ह. २ मिळालं, लांबी ४०. बरोबर?’ ‘बरोबर’ असा शब्द आला तरच काम लावायचं. अंगठा आता चालत नाही. त्या छापील कागदाचा खर्च दोन रुपये.

सरकारी आणि बिनसरकारी ‘डिजिटल प्रशिक्षण’ नावाची जी शिबिरं होतात, त्यांत हे कुणी शिकवत नाही. मी अशा दोन शिबिरांना बसून आलोय. रील कशी करायची, हॅशटॅग कुठले घालायचे, गिऱ्हाइकाशी ‘नातं’ कसं जोडायचं. समोर बसलेल्या वीस जणांत पंधरा जणांचं गिऱ्हाईक पिढीजात, नातं आधीच इतकं जोडलेलं की उधारी मागायची लाज वाटते! त्यांना हवं होतं ते वेगळंच. धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर वेगळा कसा ठेवायचा. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८ पासून फुकट आहे, त्यात ‘ऑर्डर आली’, ‘पैसे आले’, ‘माल गेला’ अशा रंगीत चिठ्ठ्या लावता येतात, हे वीसपैकी चौघांना माहीत होतं. फोन हरवला तर उधारीची यादी कुठून परत आणायची, हे एकालाही नाही.

उधारीच्या यादीवरून पुराची आठवण येते. सांगलीकराला कृष्णेची पातळी म्हणजे आयर्विन पुलाजवळचा आकडा. ४० फूट इशाऱ्याचा, ४५ धोक्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड इथल्या कितीतरी दुकानांत भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती आणि त्या खुणेच्या वर माल चढवला की भागलं असा लोकांचा हिशेब होता. तो हिशेब बुडाला. त्या आठवड्यात फोन होते, ग्रुप होते, निरोपांचा तर महापूर होता. कोयनेतून किती क्युसेक सोडलं याचे पाच वेगवेगळे आकडे एकाच तासात फिरत होते, शिवाय दुसऱ्याच गावचे जुने व्हिडिओ. मग वीज गेली आणि फोनही गेले. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या कापड दुकानदारानं एकच गोष्ट वेगळी केली. ग्रुप म्यूट करून टाकला आणि पाटबंधारे खात्याचा धरणाचा विसर्ग व पुलाची पातळी एवढे दोनच आकडे दर दोन तासांनी कागदावर उतरवत बसला. चढ दिसला तसा त्यानं माल हलवला. निरोप जेवढे कमी, तेवढा निर्णय लवकर.

माझ्या दुसऱ्या एका किराणावाल्यानं २०१९ मध्येच पाणी दारात आलं त्या रात्री, मी फोनवर ओरडलो म्हणून, उधारीच्या वहीच्या पानापानाचा फोटो काढून मला पाठवला होता. वही गेली, फोन गेला, दुकानातली साखर तर विरघळूनच गेली. दिवाळीच्या सुमाराला त्याला वही परत मिळाली ती माझ्या फोनमधून. एका गिऱ्हाइकानं म्हणे हसत विचारलं, “पुरात सगळं गेलं न्हवं तुमचं?” हा म्हणाला, “तुमचं पान तेवढं राहिलंय बघा.”

इथवर सगळं गोड. आता ज्या हेलपाट्याला फोननं हातही लावलेला नाही तो बघू, म्हणजे येणं वसूल करायचा. कुपवाडचा माल पोचल्याचा मेसेज मिनिटात येतो. बिल ई-मेलनं क्षणात जातं. पैसा मात्र नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. कायदा काय म्हणतो? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, चक्रवाढीनं व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पात आणखी एक पाचर मारली: मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च उत्पन्नातून वजाच मिळणार नाही. पाचर चांगली होती. तिचा माझ्या ऑफिसात दिसलेला पहिला परिणाम असा, की एका खरेदीदारानं माझ्या अशिलाला गोड शब्दांत सुचवलं, ‘तुमची ती उद्यम नोंदणी (लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द करून टाका, म्हणजे दोघांनाही त्रास नको.’ हा निरोपसुद्धा व्हॉट्सॲपवरच आला.

तरीही इथं तंत्रज्ञानाचा एक उपयोग आहे आणि तो फार कमी लोक करतात. ४५ दिवस मोजायचे कुठून, तर माल स्वीकारल्या दिवसापासून. पूर्वी खरेदीदार म्हणायचा, ‘माल आला, पण तपासायचा राहिला होता.’ आज ‘माल मिळाला, ओके’ असा तारीखवार मेसेज असतो. वाद सोडवणाऱ्या परिषदेसमोर किंवा कोर्टात तो दाखवता येतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही इलेक्ट्रॉनिक नोंदीला जागा आहे, फक्त सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. तोंडी चालणारा आपला धंदा फोनमुळं नकळत लेखी झालाय. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून खिलार बैलाचा भाव ठरताना मी लहानपणी पाहिलंय. तिथं साक्षीदार फक्त देव. आता बोटं काचेवर दाबली जातात आणि त्याचा ठसा राहतो. हा ठसा दुबळ्याच्या बाजूनं उभा राहू शकतो, पण त्यासाठी तो जपून ठेवायला हवा. आमचे लोक काय करतात? ‘फोन भरला’ म्हणून महिन्याला सगळं साफ करतात.

सरकारी कामाचा हेलपाटा घरबसल्या संपला, असं सांगतात. मी याच कामातला माणूस, त्यामुळं कबूल करतो की रिटर्न भरायला आता कचेरीत जावं लागत नाही आणि राज्याबाहेर पन्नास हजारांवरचा माल निघाला तर ई-वे बिल ड्रायव्हरच्या फोनवर जातं, कागद हरवायची भीती नाही. मोठी सोय झाली. पण ओटीपी! माझ्या निम्म्या अशिलांची नोंदणी त्यांच्या पोराच्या नंबरवर आहे, कारण त्या दिवशी घरात स्मार्टफोन फक्त पोराकडं होता. पोरगं शिकलं, नोकरीला लागलं. आता मालक मिरजेत, ओटीपी हिंजवडीत. वीस तारखेला, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, रात्री मी, बाप आणि मीटिंगमध्ये बसलेलं पोरगं असे तिघं मिळून सहा आकड्यांच्या मागं धावत असतो. हसण्यावारी नेऊ नका. धंद्याचं कुलूप आणि किल्ली वेगळ्या गावांत आहेत, आणि नंबर बदलायला जायचं म्हटलं की पुन्हा आधार, पुन्हा बँक, पुन्हा हेलपाटा. माझा आग्रह असतो, की दुकानाच्या नावावर एक साधा नंबर घ्या आणि तो फोन गल्ल्याजवळच ठेवा, लग्नालासुद्धा नेऊ नका.

हेच बायकांच्या धंद्याबाबत दुपटीनं खरं आहे. शेवया, पापड, शिवण, जेवणाचे डबे. काम तिचं, चव तिची, क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा. पैसे आल्याचं तिला कळतं ते तो सांगेल तेव्हा. गल्ल्यावर बोलणारा तो साउंडबॉक्स आला तेव्हा मला वाटलं, हा केवळ गोंगाट. नंतर एका डबेवाल्या वहिनींनी सांगितलं, “निदान किती आले ते कानावर तरी पडतं आता.” माझं मत मी बदललं.

धंद्याची वेळ संपल्यावरही फोन चालू राहतो, रात्री अकराला ‘रेट काय?’ विचारणारा गिऱ्हाईक सकाळी उत्तर मिळालं तर रुसतो, याची तक्रार मी रोज ऐकतो. तक्रार रास्त आहे, उपाय माझ्याकडं नाही. सगळंच फोनवर होतं असंही नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं भोपळ्याचा आकार, नक्षी, लाकूड हे सगळं फोटोवर ठरतं, आगाऊ रक्कमही येते. पण जवारी लावायची, म्हणजे तारेचा झणकार नेमका उमटावा म्हणून घोडी घासायची वेळ आली की गाणाऱ्याच्या कानाला कारागिराच्या समोर बसावं लागतं. फोनच्या स्पीकरमधून जवारी कळत नाही. तो प्रवास कुणी वाचवायला बघू नये, तो हेलपाटा नव्हेच.

आता त्या भडंगवाल्याकडं परत येतो, कारण हा लेख मी त्याच्यामुळंच लिहायला घेतला. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि त्याच्यासारख्याला त्याचा जेवढा फायदा झाला तेवढा दुसऱ्या कशाचा झाला नसेल. सुट्ट्याची कटकट गेली, पुण्याचे पैसे माल जायच्या आधी यायला लागले, आणि दुकानदाराला त्यावर शुल्क नाही. मग एके दिवशी त्याचं खातं गोठलं. कारण शोधता शोधता कळलं, की कुणा अनोळखी गिऱ्हाइकानं ६४० रुपयांचा भडंग घेतला होता आणि ते पैसे म्हणे दुसऱ्या राज्यातल्या एका ऑनलाइन फसवणुकीच्या साखळीतून फिरत आलेले. याचा गुन्हा इतकाच, की त्यानं भडंग विकला. ६४० रुपये अडकवा, कुणाची ना नाही. इथं अख्खं खातं अडकलं. त्यात शेंगदाणेवाल्याचे, तेलवाल्याचे, पोराच्या फीचे पैसे.

फसवल्या गेलेल्या माणसासाठी १९३० हा नंबर आहे, आणि तो असायलाच हवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे वाचायची शक्यता जास्त. पण ज्याचं खातं मधल्या मध्ये अडकलं, त्याला बँकेतला माणूस काय देतो? दूरच्या पोलिस ठाण्याचा ई-मेल पत्ता. भडंगवाल्यानं आयुष्यात ई-मेल लिहिलेला नाही. मी लिहिला, हिंदीत, इंग्रजीत, सोबत बिल, दुकानाचा परवाना, फोटो. उत्तर आलं नाही. मग बँकेत जा, अर्ज द्या. बँक म्हणते सायबर शाखेत जा. तिथं सांगतात, हे आमच्या हातात नाही, बँकेकडून लेखी आणा. तीन सेकंदांत आलेल्या पैशासाठी हे चाललंय सात आठवडे.

मला दुखतं ते इथं. पैसा घ्यायची वाट यंत्राची आणि सुटायची वाट साहेबाच्या टेबलावरून, असा व्यवहार लहान माणसाच्या पदरात घालून आपण त्याला डिजिटल झाला म्हणतो. व्यवस्थेला खातं बंद करायला माणूस लागत नसेल, तर चौकशी करून उघडायला तारीख बांधलेली का नसावी? वादातली रक्कम तेवढी बाजूला ठेवून बाकीचं खातं चालू ठेवायला कुठलं मोठं तंत्रज्ञान लागतं? जिल्ह्याच्या ठिकाणी एक टेबल, एक माणूस, पोच पावती आणि पंधरा दिवसांची मुदत, इतकं झालं तरी हजार रील शिकवल्यापेक्षा जास्त धंदा वाचेल. जिल्हा उद्योग केंद्राकडं आणि व्यापारी संघटनांकडं माझी हीच मागणी आहे. शिबिरांचा अर्धा पैसा या टेबलावर खर्च करा.

भडंगवाला सध्या बायकोच्या खात्याचा क्यूआर लावून धंदा करतोय. ट्रॅव्हल्सवर खोकी जातातच. बँकेनं त्याला सोमवारी सकाळी अकराला पुन्हा बोलावलंय, ही सहावी वेळ. काल रात्री त्याचं स्टेटस पाहिलं: ‘सोमवारी दुकान दुपारी चारनंतर उघडेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’